वैलावर ठेवावे

जुन्या घरांतल्या पाककृतींच्या वह्या उघडल्या की पहिल्या पानापासूनच एक गोष्ट उमगते : त्या आपल्याला उद्देशून लिहिलेल्या नाहीत. त्यांची वाचक ठरलेली होती. तीच चूल, तोच पाटा, तेच कोठार पाहत वाढलेली लेक, किंवा त्या घराची रीत हळूहळू अंगवळणी पडू लागलेली सून. तिला निम्मे ठाऊक होतेच, आणि उरलेल्या निम्म्यातले जे विस्मरणाच्या कडेला टेकले होते तेवढेच शाईने धरून ठेवायचे होते. आमच्याकडची वही मुळात जमाखर्चाची. तिच्या पाठीमागच्या कोऱ्या पानांवर आजीने लिहिलेल्या ओळी इतक्या तुटक आहेत की त्यांत पुष्कळदा क्रियापदही नाही. सपीट १॥ शेर. वेलची रुपयाभार. मोरस साखर. घटकाभर झाकून, मग वैलावर. यातला एकही शब्द परका नाही, आणि तरीही ही पाने आज कोश जवळ घेऊन वाचावी लागतात. दोन पिढ्यांच्या अंतरात एखादे घर स्वतःच्याच स्वयंपाकघराला किती अनोळखी होऊ शकते, याचा इतका निकटचा पुरावा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

त्यातले पहिलेच चिन्ह पाहा. आकड्यापुढचे ते दोन उभे दंड आजच्या डोळ्याला श्लोकाच्या शेवटासारखे वाटतात. वास्तविक तो अपूर्णांक आहे. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, म्हणून १। सव्वा, १॥ दीड आणि १॥। पावणेदोन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे ज्यांनी परवचा म्हणताना घोकले होते, त्यांना या चिन्हांचे स्पष्टीकरण लागत नव्हते, कारण त्यांच्या लेखी पाव आणि पाऊण या वस्तूच होत्या, हातात धरता येणाऱ्या, धान्याच्या राशीतून वेगळ्या काढता येणाऱ्या. दशांशाने आपल्याला अचूकता दिली हे निर्विवाद, परंतु ०.७५ हे वाचताना तळहाताला काही जाणवत नाही, आणि पाऊण म्हणताना अजून जाणवते.

शेराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, अशी ही दुपटीने चढत जाणारी उतरंड पितळी आणि लाकडी मापांच्या रूपाने घरोघर फडताळात रांगेने उभी असे. पण शेर हे मापाचेही नाव होते आणि वजनाचेही, आणि वजनाचा शेरही सर्वत्र एक नव्हता. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, तर मुंबईचा जुना शेर अवघा २८ तोळ्यांचा, म्हणजे त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. तेव्हा आजीच्या दीड शेर सपिटाचे ग्रॅम करायचे झाले तर आधी विचारावे लागते : कुठला शेर, मापाचा की वजनाचा, माहेरचा की सासरचा? माप हे कधीकाळी गावाच्या सीमेइतकेच स्थानिक होते. गाव सोडून दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या बाईला भाषेतल्या हेलाबरोबर शेरही बदलून घ्यावा लागे, आणि तिच्या वहीतली माहेरची पाने व सासरची पाने वेगवेगळ्या शेरांनी मोजलेली असू शकतात. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात ती रुजली, आणि देशाचे माप एक झाले. बाजाराच्या दृष्टीने ते न्यायाचेच झाले. वहीपुरते मात्र असे झाले की तिची किल्ली बाजारातून नाहीशी झाली.

याहून लोभस वाटतात ती नाण्यांची मापे. १८३५ पासूनचा चांदीचा रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम; त्यामुळे रुपया ही किंमत होती तशीच तागडीत टाकायची वस्तूही होती. वेलची रुपयाभार, केशर मासाभर. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे सोनाराचे कोष्टक स्वयंपाकघरात शिरले ते बहुधा मसाल्यांच्या मोलामुळे, कारण ज्या गोष्टी सोन्यासारख्या जपून वापरायच्या त्या सोन्याच्याच मापाने मोजाव्यात हे त्या मनाला सहज वाटले असावे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आणे गेले आणि शंभर नये पैसे आले. आजचे रुपयाचे नवे नाणे चार ग्रॅमही भरत नाही. शब्द जपला आणि वस्तू बदलली तर पाककृती कशी हळूच निसटते, हे येथे लख्ख दिसते : आजचा रुपया तागडीत टाकून कोणी वेलची घेतली तर त्या पक्वान्नात तिचा पाव हिस्साच सुगंध उरेल. आणि कुठे कुठे तर मापाची जागा थेट किमतीने घेतलेली आढळते, दोन पैशांची कोथिंबीर, आण्याचा पुदिना. ज्या काळात भाव वर्षानुवर्षे फारसे हलत नसत त्या काळाचा तो विश्वास आहे. लिहिणाऱ्या हाताला वाटलेच नाही की पैसा कधी इतका पातळ होईल.

मला सर्वांत सूक्ष्म वाटतात ती फळांची मापे. लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, बोराएवढे लोणी, हरभऱ्याएवढा हिंग. शहरी वाचक यांना ढोबळ म्हणतो आणि ग्रॅम मागतो. पण ज्या डोळ्यांनी ती लिहिली त्यांना परसातले लिंबू ठाऊक होते, बोरीची बोरे ठाऊक होती. आणि लिंबू लहानमोठे असते तशी चिंचही कमी-अधिक आंबट असते, हेही ठाऊक होते. त्या मापाने मर्यादा आखून दिली आणि मर्यादेच्या आतला निर्णय जिभेवर सोपवला. अचूकता आणि विवेक यांच्यात जेव्हा निवड करायची वेळ येते तेव्हा जुने स्वयंपाकघर विवेकाच्या बाजूने उभे राहते, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

आता वैल. ज्यांनी मातीची चूल पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे तो लगेच येईल : मुख्य चुलीच्या कुशीला असलेले दुसरे तोंड, जिथे वेगळे सरपण घालत नाहीत, चुलीच्या पोटातून वळून येणारी धग तेवढी पोहोचते. भात उतरवला की वैलावर सरकवायचा, वरण तिथे मुरत ठेवायचे, दूध तिथे सावकाश आटू द्यायचे. गॅसच्या शेगडीला मंद आच असते; पण ती मंद आच स्वतंत्र असते, कोणी कान पिळून लहान केलेली. वैलाची आच ही दुसऱ्या कामातून उरलेली आच होती. मुख्य चुलीवर भाकरी चालू असेल तर वैल तापे, चूल विझत आली की तोही निवत जाई. म्हणजे वैलावर ठेवलेला पदार्थ एका संपूर्ण स्वयंपाकाच्या चढत्या-उतरत्या तापमानातून जात असे. तेव्हा वैलावर ठेवावे या दोन शब्दांत आच आहे, कालावधी आहे, आणि त्याच वेळी शेजारच्या तोंडावर काय चालले असेल तेही गृहीत आहे. एकटी पाककृती असे त्या वहीत काही नव्हतेच. प्रत्येक पदार्थ दुसऱ्या पदार्थांच्या सोबतीने शिजत होता. आपण जेव्हा त्यातली एक ओळ उचलून रविवारी दुपारी करून पाहतो, तेव्हा तिच्याभोवतीचा तो सगळा गलबला आपण वगळलेला असतो. घटकेचेही असेच आहे. चोवीस मिनिटांची ही एकके घड्याळाविना मोजली जात, अंगणातल्या उन्हावरून, देवपूजा कुठवर आली यावरून. त्या काळाला सेकंदकाटा नव्हता, पण लय होती.

इथवर आलेल्या शब्दांची एक सोय आहे. कोळवे, वैल, मासा हे शब्द अडवतात, आणि अडल्यामुळे आपण सावध होतो. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश उघडतो, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढतो, एखाद्या वृद्ध आत्याला दूरध्वनी करतो. खरी फसगत करतात ते शब्द जे आपल्याला कळल्यासारखे वाटतात. गहू. दूध. तेल. मीठ. यांच्यावरून नजर घसरत पुढे जाते, आणि बदल नेमका तिथेच दडलेला असतो.

गहू म्हटले तर आजीच्या गावाकडे खीर ज्याची होई तो खपली गहू, ज्याचे टरफल मळणीनंतरही दाण्याला घट्ट चिकटून राही आणि जो उखळात कांडूनच मोकळा करावा लागे. म्हणून तिथे लिहिलेले असते : गहू सडून घ्यावेत. सडणे म्हणजे कांडून कोंडा काढणे हा अर्थ ज्या घरांतून उखळाबरोबर गेला, त्या घरातली एखादी मुलगी ती ओळ वाचून थबकली तर तिचा दोष नाही. पुढे १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या जातींच्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे या देशात आले, हरितक्रांतीने भुकेचे भय मागे सारले, आणि शेतातला गहू उंचीने, दाण्याने, चिकट्याने दुसराच झाला. ज्यांनी उपास काढले त्यांना या गव्हाबद्दल कृतज्ञताच वाटेल आणि ती मलाही वाटते. एवढेच की पोळीच्या कृतीत लिहिलेले पाण्याचे प्रमाण त्या आधीच्या गव्हाचे आहे.

सपिटाची वाट तर याहून लांबची. गहू ओलवायचे, फडक्यात दडपून ठेवायचे, मग जात्यावर बारीक दळून वस्त्रगाळ करायचे. वर राहील तो रवा आणि कोंडा, खाली उतरेल ते सपीट. आज त्याच्या जागी सरसकट मैदा वापरतात, आणि तो रंगाने जवळचा असला तरी गिरणीच्या रुळांतून निघालेल्या त्या पिठाला जात्याच्या पिठाची ताण घेण्याची रीत माहीत नाही. पुरणपोळी त्याची होते, परंतु निवल्यावर तिची कड जशी वागते त्यावरून जाणत्या हाताला फरक कळतो. हेच सपीट मांड्यांना लागे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मंडक येतात; मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजलेले मांडे आख्यायिकेतून आपल्या प्रत्येकाच्या बालपणात येतात. पदार्थाचे नाव नऊ शतके चालत आले. ज्या पिठाने तो पदार्थ शक्य केला ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत बाजारातून उठून गेले, आणि कोणी त्याची नोंदही केली नाही.

दुधाचेही तसेच. शेरभर दूध आटवून निम्मे करावे, असे बासुंदीच्या पानावर असते. ते घरच्या म्हशीचे, सहा-सात टक्के स्निग्धांशाचे दूध. पिशवीतल्या टोण्ड दुधात तो तीन टक्के असतो. तेव्हा निम्म्यावर थांबलो तर पातळ उरते, आणि आजीचा दाटपणा गाठायचा तर तिचे प्रमाण मोडावे लागते. शब्दाशी एकनिष्ठ राहावे की चवीशी, हा प्रश्न प्रत्येक भाष्यकाराला पडतो. चुलीपाशीही तो तितकाच खरा आहे. गोडे तेल म्हणजे खाण्याचे तेल, पण कुठे ते तिळाचे, कुठे करडईचे, पुढे बहुतेक ठिकाणी भुईमुगाचे. मीठ म्हणजे खडेमीठ. लोणच्याच्या पानावरचे वाटीभर मीठ आजच्या बारीक मिठाने भरले तर त्याच वाटीत कितीतरी अधिक खारटपणा मावतो.

आणि काही शब्द असे, की त्यांच्या मागे समुद्र ऐकू येतो. मोरस साखर ही मॉरिशसची साखर. एकोणिसाव्या शतकात ती जहाजांतून मुंबईला उतरे आणि तिथून कोकणातल्या व घाटावरच्या वाण्यांकडे जाई. त्याच शतकात, १८३४ नंतर, करारबद्ध मजूर म्हणून जी भारतीय माणसे त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेली त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. आजीने ती साखर मोजताना हे तिच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण मी ते पान वाचतो तेव्हा मला दिसते की तिच्याच मुलखातले कोणी परक्या उन्हात ऊस तोडत होते आणि त्याचा गोडवा फिरून तिच्या परातीत येत होता. एका घटकद्रव्याच्या नावात एवढे दुःख आणि एवढे अंतर निमूट बसलेले असू शकते. वहीच्या शेवटच्या पानांवर आईचे अक्षर सुरू होते आणि शब्दही बदलतात. डालडा येतो, १९३७ पासून हिरव्या-पिवळ्या डब्यांतून घराघरांत शिरलेला. मग एका पानावर मिलो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल अमेरिकन ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना तो शब्द आजही घशापाशी अडतो. आईने लिहिले आहे की मिलोच्या पिठाची उकड काढून मग भाकरी थापावी. ही पाककृती कोणी पुन्हा करणार नाही, करू नये. तरी ती त्या वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे असे मी मानतो, कारण दुष्काळाचे अहवाल पुष्कळ आहेत, पण न चिकटणाऱ्या पिठाला चिकटवण्यासाठी एका बाईने काय केले ते एवढ्या एका ओळीत आहे.

वहीचे गुणगान करताना एक गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. अशा वह्या लिहिल्या गेल्या त्या ज्यांना अक्षर मिळाले त्या थोड्या घरांत. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र १८७५ चे. १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधरांचे गृहिणीमित्र आले, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या रुचिराने वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे. पण विदर्भातल्या लाखेच्या डाळीची, जिच्या विक्रीवर पुढे दीर्घकाळ बंदी आली, गरिबाघरची रांधण्याची रीत कोणी लिहिली? कोळीवाड्यातल्या, धनगरवाड्यातल्या चुलींचे शब्द आजी गेली की तिच्याबरोबरच गेले. आणि लिहिलेल्या घरांतही सपीट या एका शब्दाआड पहाटेपासून जाते ओढणारे खांदे आहेत, ज्यांचे नाव वहीत नाही. काही शब्द लोपले याचे मला दुःख आहे. त्यांच्याबरोबर ते कष्ट लोपले याचे नाही. या दोन भावना एकाच वेळी मनात बाळगता येतात, आणि बाळगल्याच पाहिजेत, नाहीतर जुन्याचे प्रेम निर्दय होते.

जुन्या पाकशब्दांचा अर्थ लावण्याचे काम आपणच प्रथम करतो आहोत असेही नाही. सतराव्या शतकात रघुनाथ सूरीने भोजनकुतूहल हा संस्कृत ग्रंथ रचला. हा मराठी पंडित तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाला होता, आणि त्याने शास्त्रातल्या धान्यांची, पक्वान्नांची संस्कृत नावे देताना त्यांच्या शेजारी चालत्या बोलीतली नावे घातली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीसारख्या पदार्थांचा इतिहास शोधला तेव्हा अशा ग्रंथांनीच त्यांना वाट दाखवली. रघुनाथाने जुना शब्द पुसून नवा लिहिला असता तर त्यांच्या हाती काही लागले नसते. आणि नुसता जुनाच ठेवला असता तरीही नाही. दोन्ही शेजारी ठेवले म्हणून तीनशे वर्षांनी कोणाला तरी वाचता आले. समासात लिहिलेली टीप ही मला ज्ञानाची सर्वांत विनम्र रीत वाटते. ती मूळ ओळीला हात लावत नाही, आणि वाचणाऱ्याला एकटेही सोडत नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरी अशी वही असेल तर तिच्यातल्या मापांचे ग्रॅम करून स्वच्छ प्रत काढण्याआधी मूळ ओळ जशी आहे तशी उतरवून घ्या, दंडासकट, अशुद्ध वाटणाऱ्या अक्षरांसकट. मग शेजारी तुमचा अर्थ लिहा : शेर कुठला धरला, सपिटाऐवजी काय घेतले, दूध कोणते होते, आच किती ठेवली, पदार्थ कसा झाला. जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह राहू द्या. तुमच्या स्वतःच्या वाटीत किती मिलिलीटर पाणी मावते तेही मोजून नोंदवा, कारण पन्नास वर्षांनी तुमची वाटी कोणाला तरी कोळव्याइतकीच अपरिचित असणार आहे. खाली तारीख घाला. आणि वैलावर हात पोळलेली, गहू सडलेली, मिलोची भाकरी थापलेली माणसे अजून घरात असतील तर कोशाकडे जाण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. कोश नंतरही मिळतील.